कंपनीची पोरगी

मागच्या रविवारी अण्णांना लॅपटॉपवर 'शेक्सपिअरवाला' लावून दिला. अण्णा आता ७८ चे, गुडघ्यांमुळं सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला जाणं बंद झालंय आणि ते त्यांना फार लागतं, म्हणून मी घरीच काहीतरी शोधून लावत असते. पिक्चर इंग्लिश, त्यात ब्लॅक अँड व्हाइट, मला वाटलं दहा मिनिटांत बंद कर म्हणतील, पण नाटक कंपनीची गाडी रस्त्यात बंद पडते आणि सगळी माणसं सामानासकट ताटकळत उभी राहतात तो सीन आला आणि अण्णा एकदम पुढं सरकले. "बार्शी रोडला आमचा टेम्पो बंद पडला तेव्हा आम्ही असंच उभं होतो की गं," म्हणले. मग विचारलं, "ही पोरगी कोण?"

ती पोरगी म्हणजे फेलिसिटी केंडल. तिच्याबद्दल मला कधीपासून लिहायचंय.

शशी कपूरची मेहुणी एवढं सांगितलं की आपल्याकडं लोकांना पटकन कळतं, म्हणजे जेनिफर केंडलची धाकटी बहीण. इंग्लंडमध्ये ती जेनिफरपेक्षा कितीतरी जास्त माहितीची आहे, तिकडं ७० च्या दशकात घराघरात तिला ओळखायचे. पण तिच्यावरचं काहीही वाचायला घेतलं की सुरुवात 'द गुड लाइफ' या टीव्ही सिरीयलपासून होते आणि भारतातली वर्षं दोन ओळींत उरकतात, आणि मला तिथंच खटकतं. कारण माझ्या मते तिचं सगळं शिक्षण त्या दोन ओळींत आहे.

तिचा जन्म २५ सप्टेंबर १९४६, इंग्लंडमधल्या ऑल्टनचा. आईवडील दोघंही नट, जेफ्री केंडल आणि लॉरा लिडेल. वडिलांचं खरं आडनाव ब्रॅग, केंडल हे त्यांच्या गावाचं नाव, तेच त्यांनी लावून घेतलं. त्यांची कंपनी 'शेक्सपिअराना', आणि ही कंपनी भारतभर फिरून शेक्सपिअर करायची. कधी राजवाड्यात संस्थानिकांसमोर प्रयोग, तर दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी आडगावच्या शाळेत पोरांसमोर. उत्पल दत्त या कंपनीत होते, शशी कपूर पण पुढं आले. १९५३ ते ५६ या साडेतीन वर्षांत त्यांनी ८०० च्या वर प्रयोग केले, म्हणजे हिशोब करा, तीन दिवसांत जवळजवळ दोन, आणि मधला वेळ सगळा रेल्वेत.

फेलिसिटी पहिल्यांदा स्टेजवर गेली तेव्हा नऊ महिन्यांची होती, 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये एक लहान मूल लागतं म्हणून तिलाच कडेवर घेऊन नेली. सात वर्षांची असताना सगळं बिऱ्हाड भारतात आलं, मग वेगवेगळ्या गावच्या कॉन्व्हेंट शाळा, आणि शाळा नसेल तेव्हा कंपनी. कपडे सांभाळा, सामान मोजा, जो नट आजारी पडेल त्याचं काम करा. तिनं अभिनयाचा कुठलाच कोर्स केलेला नाही, तिची शाळा म्हणजे विंग.

हे मी इतक्या जोरानं लिहितेय कारण त्यातलं थोडंसं मी बघितलंय. अण्णा मिलमध्ये कामाला आणि संध्याकाळी हौशी ग्रुपमध्ये, राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की रात्री बारा-बारापर्यंत तालीम, आणि आई मला त्यांच्याबरोबर पाठवून द्यायची. मी पडद्याच्या घडीवर झोपायचे. जुन्या मखमलीचा आणि मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास अजून नाकात आहे. प्रयोग संपला की मेकअप काढायला खोबरेल तेलाची बाटली फिरायची आणि मिशी निघताना अण्णांचा वरचा ओठ लालभडक व्हायचा, ते मला दिसायचं. विंगेत उभं राहिलं की अजून एक दिसतं जे खुर्चीतल्या प्रेक्षकाला कधी दिसत नाही. आत्ता स्टेजवर ढसाढसा रडणारा माणूस आत येतो, तांब्यातलं पाणी पितो, तोंड पुसतो आणि कान स्टेजकडं लावून आपल्या पुढच्या एन्ट्रीची वाट बघत उभा राहतो. हे लहानपणी शंभर वेळा बघितलेल्या पोराला अभिनय म्हणजे काम हे वेगळं सांगावं लागत नाही. मी पुढं नाटकात गेले नाही तो भाग वेगळा. पण फेलिसिटीनं असं सगळं बालपण काढलं.

'शेक्सपिअरवाला' १९६५ चा. दिग्दर्शन जेम्स आयव्हरी, लेखन रूथ प्रवर झाबवाला आणि आयव्हरी, संगीत चक्क सत्यजित राय यांचं. गोष्ट जवळजवळ त्यांच्याच कंपनीची, आईबापाचं काम खऱ्या आईबापांनीच केलंय. सिनेमा वाढत चाललाय, नाटकाचं बुकिंग आटत चाललंय. त्यात तो प्रयोगाचा सीन बघा, 'ऑथेल्लो' चालू असताना सिनेमानटी उशिरा येऊन बसते आणि सगळं थिएटर स्टेज सोडून तिच्याकडं बघायला लागतं. मधुर जाफरीनं ती नटी केलीये आणि त्या कामाला बर्लिनमध्ये बक्षीस पण मिळालं. अण्णा तो सीन बघून काहीच बोलले नाहीत, मी पण विचारलं नाही.

पिक्चरच्या शेवटी लिझी, म्हणजे फेलिसिटीनं केलेली पोरगी, बोटीनं इंग्लंडला जाते. खरी फेलिसिटी पण गेली, साधारण त्याच सुमारास, १७ व्या वर्षी कलकत्त्यात टायफॉइडनं आजारी पडून त्यातून उठलेली, आणि ज्याला आपला देश म्हणायचं तो देश तिला धड माहीतच नव्हता. वडिलांना तिचं जाणं अजिबात आवडलं नव्हतं. कंपनी सोडून जाणं म्हणजे घर सोडून जाणं, आपल्याकडं गंधर्वांच्या काळातल्या कंपन्यांच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला हे समजवावं लागणार नाही. १९९८ ला तिचं आत्मचरित्र आलं, त्यात वडील बेशुद्ध होऊन हॉस्पिटलमध्ये पडलेत आणि ती उशाशी बसून जुन्या दिवसांबद्दल त्यांच्याशी बोलतेय असं आहे. त्याच वर्षी ते गेले.

लंडनला सुरुवातीला टीव्हीवर १९६६ ला जॉन गिलगुड यांच्याबरोबर एक नाटक मिळालं, एवढ्या मोठ्या नटाबरोबर पहिलंच मोठं काम, पण म्हणून लगेच रांग लागली असं नाही. १९७४ ला नाटककार ॲलन एकबर्न यांची 'नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स' आली, म्हणजे तीन नाटकं, एकच वीकएंड, एक डायनिंग रूममधून, एक बैठकीच्या खोलीतून आणि एक बागेतून, काय डोकं आहे बघा. त्यात तिनं ॲनी केली आणि तिथूनच तिला आणि पेनेलोपी कीथला हेरून बीबीसीच्या 'द गुड लाइफ'मध्ये घेतलं.

१९७५ ते ७८ चाललेली ही सिरीयल. टॉम चाळिसाव्या वाढदिवसाला नोकरी सोडतो, आणि नवराबायको सर्बिटनसारख्या पांढरपेशा वस्तीत घराची बाग उकरून भाजी लावतात, कोंबड्या, डुकरं, बकरी पाळतात. शेजारीण मार्गो, म्हणजे पेनेलोपी कीथ, कडक इस्त्रीतली, आणि टॉमची बायको बार्बरा, म्हणजे आपली फेलिसिटी, चिखलाचे गमबूट घालून हसत. ख्रिसमसचा एक एपिसोड आहे, त्यात मार्गोच्या घरी मागवलेलं काहीच येत नाही आणि ते श्रीमंत जोडपं यांच्याकडं येऊन रद्दी पेपरच्या टोप्या घालून बसतं. तो बघताना एकदा फक्त फेलिसिटीकडं बघा. दुसऱ्याचा संवाद चालू असताना ती ऐकतेय, खरंच ऐकतेय, आपली ओळ कधी येते याची वाट बघत बसलेली नाही. अण्णांच्या ग्रुपमध्ये डायरेक्टर यावरूनच सगळ्यात जास्त ओरडायचे, समोरच्याचं ऐका म्हणून.

एवढं नाव झाल्यावर तिनं टीव्हीवरच राहायला कुणाची हरकत नव्हती. टीव्ही केलाच तिनं, 'सोलो', 'द मिस्ट्रेस', पुढं २००३ पासून 'रोझमेरी अँड थाइम'. पण मधेमधे सतत स्टेज. १९७९ ला नॅशनल थिएटरमध्ये 'अमेडियस'ची पहिली कॉन्स्टांझ, म्हणजे मोझार्टची बायको, तिचीच. मग टॉम स्टॉपर्ड. 'द रिअल थिंग', 'हॅपगूड', 'आर्केडिया', एकामागून एक त्यांच्या नाटकांत ती. स्टॉपर्ड पण लहानपणी युद्धाच्या काळात दार्जिलिंगला राहिलेले, आणि या दोघांमधून जे नाटक निघालं ते भारताचंच, 'इंडियन इंक', १९९५. १९३० साली भारतात आलेली फ्लोरा नावाची इंग्लिश कवयित्री आणि तिचं चित्र काढणारा भारतीय चित्रकार. फ्लोरा अर्थातच फेलिसिटी. त्याच वर्षी तिला सीबीई हा ब्रिटिश सरकारी किताब पण मिळाला.

मधे जेनिफर गेली, १९८४ ला, कॅन्सरनं. जुहूचं पृथ्वी थिएटर जेनिफर आणि शशी कपूर यांनी १९७८ ला उभं केलेलं. मी एकदाच गेलेय तिथं, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून, आणि स्टेज इतकं जवळ की नटाच्या कपाळावरचा घाम दिसत होता. शेक्सपिअरानाचं जे उरलं ते इथं आहे असं मला तेव्हा वाटलं.

हे सगळं मी अण्णांना पिक्चर संपल्यावर तुकड्यातुकड्यानं सांगत होते, ते शेंगा फोडत ऐकत होते. "मग आता काय करती ती?" म्हणले. मी सांगितलं, २०२५ च्या डिसेंबरमध्ये लंडनला हॅम्पस्टेड थिएटरला तेच 'इंडियन इंक' परत आलं आणि तीस वर्षांपूर्वी फ्लोरा केलेल्या बाईनं आता फ्लोराच्या म्हाताऱ्या बहिणीचं, एलेनॉरचं काम केलं. वय ७९.

"माझ्यापेक्षा मोठी की," अण्णा म्हणले. "उभं राहून केलं का बसून?"

मी म्हणलं अण्णा ते काय मला माहीत नाही.

"बरं. तो गाडी बंद पडलेला परत लाव."