तुम्ही विचारलंत म्हणून: पोरं फळ्यावर बातम्या लिहितात, मग अभ्यास कधी घेता?

हा प्रश्न मला सारखा येतो. नवीन पालक विचारतात, केंद्रातले दुसरे शिक्षक विचारतात, लग्नाकार्यात भेटलेले नातेवाईक विचारतात, आणि सगळ्यात आधी विचारला होता तो दुसरीतल्या एका पोराच्या आजोबांनी, शाळेच्या गेटात उभं राहून, "मॅडम, पोरं सकाळच्याला त्या भिंतीवर गावच्या बातम्या लिहीत बसत्यात, मग अभ्यास कधी घेता?" तेव्हा मी घाईत होते, हजेरी भरायची होती, काहीतरी दोन शब्द बोलून आत गेले. ते मनात राहिलंय. म्हणून आज नीट सांगते.

आमची शाळा जुन्नर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, द्विशिक्षकी. पट 41, ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की पन्नाशीच्या आसपास जातो, मार्चनंतर परत खाली. दोन खोल्या, पुढे पडवी, आणि पडवीच्या भिंतीला एक लांब काळा पट्टा रंगवलेला आहे, जमिनीपासून फूटभरावर सुरू होणारा, म्हणजे पहिलीतल्या पोराचा हात पुरावा एवढ्या उंचीवर. तोच आमचा बातमीफळा.

सुरुवात कशी झाली ते सांगते. सगळ्या शाळांत असतो तसा आमच्याकडे परिपाठ असतो, प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या. बातम्या म्हणजे काय तर पेपरातल्या तीन ओळी चौथीतल्या एखाद्या मुलानं मोठ्यानं वाचायच्या. एक दिवस एका मुलानं रेपो दरात पाव टक्का कपात अशी बातमी वाचली, खणखणीत वाचली, एकही अक्षर चुकलं नाही. मी विचारलं रेपो दर म्हणजे काय रे, तर मान हलवली, माहीत नाही. बरं, कपात म्हणजे? तेही नाही. आणि हा मुलगा त्या दिवशी उशिरा आला होता कारण पहाटे त्यांची म्हैस व्याली होती आणि तो कंदील धरून आजीच्या बाजूला उभा होता. ते मला मधल्या सुट्टीत कळलं, खिचडीच्या रांगेत, तो दुसऱ्या पोरांना हातवारे करून सांगत होता, रेडकू आधी पायानं आलं का डोक्यानं, आजी काय म्हणाली, चीक किती निघाला. सगळी पोरं जेवण सोडून ऐकत होती. मला त्या क्षणी असं वाटलं की अरे, बातमी तर ही आहे, आणि मी सकाळी याच्या तोंडात रेपो दर कोंबला.

दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं हे फळ्यावर लिही. चार ओळी लिहिल्या त्यानं. 'आमची म्हैस व्याली. रेडकू झालं. आधी पाय आले. आजी घाबरली नाही.' मी आजवर बरेच निबंध तपासलेत, पण 'आजी घाबरली नाही' यासारखं वाक्य मला 'माझा आवडता प्राणी' मध्ये कधी सापडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी डब्यात खरवस आला, तो पण बातमीतच गेला.

नंतर एका शिक्षण परिषदेत एका सरांकडून फ्रान्समधल्या सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाबद्दल ऐकलं. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती, वर्गात सलग बोलताना दम लागायचा, मग त्यांनी पोरांनाच बोलायला आणि लिहायला लावलं आणि 1924 च्या सुमारास शाळेत छोटं छपाई यंत्रच आणलं. पोरांनी आपल्या गावचं, घरचं, शेतातलं स्वतः लिहायचं, अक्षरांचे खिळे जुळवून स्वतः छापायचं आणि दुसऱ्या शाळेच्या पोरांना पाठवायचं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 ला बोर्डीत ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं, आणि गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा नेली ती कुरणशाळा, हे डीएडला असताना मार्कांसाठी पाठ केलं होतं. पोर जिथं आहे तिथून सुरुवात करायची, हे त्यातलं खरं काय ते मला त्या म्हशीच्या बातमीनंतर समजलं.

आता रोज होतं काय, तर दोन बातमीदार असतात, एक मोठ्या वर्गातला एक लहान. लहान पोर सांगतं, मोठं लिहितं. पहिलीतलं पोर जे वाक्य बोललं ते जसंच्या तसं फळ्यावर येतं आणि मग ते बोट ठेवून वाचतं. त्याला वाचता येत नसतं हो, पण वाक्य त्याचंच असतं ना, त्यामुळे त्याला माहीत असतं की इथं म्हैस लिहिलंय. मग म चा आकार दुसरीकडे दिसला की ओरडतं, मॅडम इथं पण म्हशीचा म! त्या शब्दांच्या चिठ्ठ्या करून आम्ही डब्यात टाकतो, प्रत्येकाचा आपला शब्दडबा, दिवाळीपर्यंत बहुतेकांच्या डब्यात पन्नास-साठ शब्द होतात आणि त्यात मगर, छत्री, गणपती कमी आणि मोटर, पाइप, क्रेट, बिबट्या जास्त. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत असं आहे. वेग मोजायला माझी हरकत नाही, मोजतेच मी, पण समजून या शब्दावर माझा सगळा भर आहे आणि समज इथून येते असं माझं ठाम मत आहे.

गणिताचं विचाराल तर आमच्याकडे नारायणगावचं टोमॅटो मार्केट आहे. क्रेट 20 किलोचा. 2023 च्या जुलैत क्रेट 2,000 रुपयांच्या वर गेला तेव्हा फळ्यावर रोज भाव लिहिला जायचा आणि चौथीतली पोरं किलोचा दर तोंडी काढायची, 2,000 भागिले 20, शंभर रुपये किलो, आणि मग लगेच पुढचा प्रश्न, मग गेल्या वेळी आमच्या पप्पांनी 100 ला क्रेट दिला तो किलोला किती पडला? पाच रुपये. वर्ग गप्प झाला होता. त्या पाच रुपयांत तोडणी, गाडीभाडं आणि औषध पण बसवायचं हे मला सांगावं लागलं नाही, तेच म्हणाले.

खोडदची दुर्बीण आमच्या भागात आहे, जीएमआरटी, तिच्या मोठाल्या तबकड्यांना पोरं छत्र्या म्हणतात. अशा 30 छत्र्या आहेत, एकेकीचा व्यास 45 मीटर. एका मुलीनं बातमी लिहिली, 'काल छत्री फिरली. मी बघितलं. आवाज नाही आला.' मग 45 मीटर म्हणजे केवढं हे बघायला दोरी घेतली आणि मैदानात मोजायला लागलो तर मैदान संपलं, दोरी उरली, गेटमधून बाहेर रस्त्यावर गेलो तेव्हा कुठं 45 भरले. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन असतं, तिकडे सहल नेली, तर पोरांनी तिथल्या दादांना विचारलं की एवढ्या मोठ्या कानानं ऐकता काय, कारण ती दुर्बीण डोळ्यानं बघायची नाही तर रेडिओ लहरी पकडायची आहे हे त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं.

पण मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा मोठं शिक्षण बिबट्यानं दिलंय. जुन्नरमध्ये बिबट्या ही रोजची गोष्ट आहे, ऊस दाट, वर्षभर लपायला जागा, त्यात कुत्री, शेळ्या मिळतात, उसातच पिल्लं होतात. माणसांवर हल्ले पण झालेत, त्यामुळे भीती खरी आहे. आणि जिथं भीती तिथं अफवा. एका सकाळी तिसरीतला एक मुलगा धावत आला, मॅडम ओढ्याला तीन बिबटे! फळ्यावर लिहायला खडू पण उचलला. आमचा नियम असा आहे की बातमी लिहायच्या आधी बाकीच्यांनी चार प्रश्न विचारायचे, कोणी पाहिलं, कधी, कुठं, किती. कोणी पाहिलं? काकानं. काकानं स्वतः? नाही, काकाच्या मोबाइलवर आलं. कुठला ओढा? ते नव्हतं माहीत. मग ती बातमी आम्ही लिहिली नाही, पण पालकांना फोन करून ओढ्याकडून पोरं एकटी पाठवू नका एवढं सांगितलं, कारण खात्री नाही म्हणून काळजी सोडायची असं नसतं. दुपारी वनरक्षक येऊन गेले, त्यांनी चिखलातले ठसे बघितले आणि आमच्या विनंतीवरून शाळेत थांबून पोरांना समजावलं की बिबट्या मांजराच्या जातीचा, चालताना नखं आत ओढतो, त्याच्या ठशात सहसा नखं दिसत नाहीत, कुत्र्याच्या ठशात दिसतात. पोरांनी वहीत दोन्ही ठसे काढले. दुसऱ्या दिवशीची बातमी होती, 'ओढ्यावर बिबट्या नव्हता. कुत्रं होतं. ठशात नखं होती.'

त्यानंतर कितीतरी पालकांनी मला सांगितलं की घरात व्हॉट्सॲपवर काही आलं की पोरगं विचारतं, कोणी पाहिलं? आठ वर्षाच्या पोराला हे विचारावंसं वाटणं, मला नाही वाटत यापेक्षा मोठा अभ्यास असतो.

चुका पण झाल्या. पहिल्या वर्षी एका मुलीनं लिहिलं की रात्री आमच्या घरात भांडण झालं, आणि कोणी कोणाला मारलं ते पण. मी वर्गात कामात होते, माझ्या लक्षात येईपर्यंत गेटावरून जाणाऱ्यांनी वाचलं होतं. तिची आई आली, रडत होती, रागावली पण होती आणि तिचं बरोबरच होतं. मी त्यांची माफी मागितली. त्या मुलीला मात्र मी रागावले नाही, कारण तिनं खरं लिहिलं होतं आणि तिला ते कोणाला तरी सांगायचं होतं. तेव्हापासून घरातलं दुःख फळ्यावर नाही, ते मॅडमच्या वहीत. एक वही आहे, माझ्या टेबलाच्या खणात, त्यात कोणीही लिहू शकतं आणि ती मी सोडून कोणी वाचत नाही. त्या वहीत जे येतं त्यामुळे मला काही पोरांच्या घरी जावं लागलंय, त्याबद्दल इथं लिहिणार नाही.

ऊसतोड कामगारांची पोरं दिवाळीनंतर येतात, काही शिक्षण हमी कार्ड, म्हणजे गाव बदललं तरी शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड, घेऊन येतात, काहींकडे काहीच नसतं, आम्ही बसवून घेतो. बीडकडची एक मुलगी होती, महिनाभर तोंड उघडलं नाही तिनं. मग एका सकाळी स्वतःहून खडू घेतला. 'आमची कोपी मोडली. वारं लई होतं. मायनं परत बांधली.' दोनतीन पोरं माय शब्दाला हसली. मी फळ्यावर एक रकाना आखला, आपल्या घरी आईला काय म्हणतात, तर आई, आये, मम्मी, बय असे सहा शब्द निघाले आमच्याच गावात. माय सातवा. पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, ती मी शिकवते, कोपी मोडली शेजारी झोपडी पडली असं लिहून दाखवते, पण पहिलं वाक्य पुसत नाही. नंतर कोपी कशी बांधतात ते तिनंच पूर्ण वर्गाला शिकवलं, काड्या आणि पाचट घेऊन, मापासकट.

शनिवारी आठवड्यातल्या चार बातम्या चार्टपेपरवर येतात, फोटो माता पालक गटावर जातो. महिन्यातून एकदा कोकणातल्या एका शाळेला पोस्टकार्डं जातात, 50 पैशाचं कार्ड, त्यावर आमच्या बातम्या, त्यांच्या बातम्या आम्हाला. त्यांना बिबट्याचं फार आकर्षण, आमच्यांचा प्रश्न ठरलेला, ओहोटीला पाणी जातं कुठं.

तर अभ्यास कधी घेते, तर तोच चाललेला असतो. पुस्तक पण होतं, पाढे पण होतात, परीक्षा पण होतात. फळ्याला रोज पाऊण तास जातो आणि मला तो पाऊण तास कमी करायचा नाहीये.

त्या आजोबांचं सांगायचं राहिलं. आता फळ्यावर एका कोपऱ्यात शेतीपंपाची लाईट या आठवड्यात दिवसा का रात्री ते पण लिहिलेलं असतं, त्यामुळे मोठी माणसं पण थांबतात. गेल्या मंगळवारी आजोबा थांबले, चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि गेटातूनच हाक मारली, "ए, टमाट्याचा भाव चुकलाय तुमचा, मी स्वतः होतो काल मार्केटला." चौथीतली बातमीदार खडू घेऊन बाहेर आली आणि तिनं विचारलं, किती वाजता होतात आजोबा, आणि कुठल्या गाळ्यावर?