संजय दुसरा

फोनमधली जागा संपली म्हणून दुपारी नावं खोडायला बसले. नावांनी अशी कितीशी जागा अडते म्हणा; पण फोटो खोडायला हात धजत नाही. एकूण ८१२ नावं निघाली. त्यात एक ‘संजय दुसरा’. पहिला संजय कोण, काही केल्या आठवेना, आणि यादीतही तो नव्हता.

रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९९२ साली माकडं-वानरांच्या मेंदूच्या बाहेरच्या थराची त्यांच्या कळपाच्या आकाराशी सांगड घातली आणि त्यावरून माणसाचा कळप किती मोठा असेल, याचा हिशेब मांडला. उत्तर आलं १४७.८. लोक सोयीने दीडशे म्हणतात. मला मात्र त्या पॉइंट आठचीच काळजी वाटते. तो बहुतेक संजय दुसराच असावा.

या दीडशेच्या आतही वर्तुळं आहेत म्हणे : अगदी जिवाची ५, मग १५, मग ५०. पुढे २०२१ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच गणित पुन्हा करून पाहिलं, तर उत्तर २ ते ५२० यांच्यामध्ये कुठेही येऊ शकतं असं निघालं. त्यात माझी आत्याही बसते आणि मीही. आत्या रांगेत उभी राहिली की पुढच्याची आणि मागच्याची सगळी दुखणी घेऊन घरी येते.

माकडं नाती टिकवतात ती एकमेकांचे केस विंचरून, त्यातली घाण वेचून. काही जातींचा दिवसाचा जवळपास पाचवा भाग यातच जातो. कळप वाढला तेव्हा एवढा वेळ पुरेना, म्हणून माणूस बोलायला लागला, असं डनबार म्हणतो. हात एका वेळी एकाच डोक्यात घालता येतो, गप्पा तिघाचौघांशी मारता येतात.

हे वाचलं आणि डोकं खाजायला लागलं. सुट्टीतल्या दुपारी आम्ही पायऱ्यांवर एकीखाली एक बसायचो. वर आजी, तिच्यापुढे आई, आईपुढे मी, माझ्यापुढे धाकटी बहीण. बारीक दातांची फणी हातोहात फिरायची. ऊ सापडली की नखावर टच् असा आवाज, की पुढची बातमी सुरू. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं लग्न मोडलं, सगळं डोक्याडोक्यांतून खाली झिरपत यायचं. बहीण सगळ्यांत खाली. तिच्या हातात कुणाचंच डोकं नसायचं, म्हणून ती बाहुलीच्या उवा काढायची. आईचा हात केसांत असताना मला खोटं बोलता यायचं नाही. कसं कोण जाणे, तिच्या बोटांना कळायचं.

ते असो. संजय दुसऱ्याला खोडण्याआधी एकदा विचारावं म्हणून फोन लावला.

“अगं, किती दिवसांनी!” पलीकडून आलं. “आईचे गुडघे कसे आहेत?”

‘आपण कोण?’ हे आता कोणत्या तोंडाने विचारणार? अकरा मिनिटं बोललो. त्याची बदली झाली आहे, मुलगी पोहायला शिकते आहे. फोन ठेवला तरी तो कोण ते कळलेलं नाही.

आईच्या गुडघ्यांचं वर्षभरात दुसऱ्या कुणीच विचारलं नव्हतं.