सर्पदंशाचा पहिला डोस आमच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात

दक्षिण कोकणच्या किनारपट्टीवर कातळसड्यावर आंबा-काजूच्या बागा आहेत आणि जवळजवळ प्रत्येक बागेला जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत आहे. अशा ठिकाणी फुरसे हा विषारी साप दिसला नाही असे वर्ष जात नाही. गवत कापताना, गडग्याचा ढासळलेला चिरा उचलताना किंवा आंबा काढणीच्या दिवसांत अंधारात बागेतून फिरताना दंश होतात. ते बहुधा राबणाऱ्या माणसांना होतात आणि त्यांत नेपाळहून आलेले बागांचे राखणदारही असतात. या दंशावरचे औषध, म्हणजे प्रतिविष, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवलेले होते, तरीही रुग्णाला ते तिथे मिळत नव्हते. ते मिळू लागावे म्हणून काय करावे लागले, हे मी ग्रामपंचायत सदस्य आणि केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीची सभासद या नात्याने लिहीत आहे.

पूर्वीची पद्धत अशी होती की पान लागलेला, म्हणजे साप चावलेला माणूस केंद्रात आला की त्याला धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाई, चिठ्ठी लिहिली जाई आणि 108 ची रुग्णवाहिका बोलावून पुढे पाठवले जाई. ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालय आणि तिथूनही गरज पडली तर गोव्याला बांबोळीचे मोठे सरकारी रुग्णालय, असा हा प्रवास असे. फुरशाचे विष रक्त गोठवणारे घटक संपवत जाते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते आणि कधी मेंदूतही रक्तस्राव होतो. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते, झालेली हानी मात्र ते भरून काढत नाही. त्यामुळे गाडीत गेलेला प्रत्येक तास रुग्णाच्या विरुद्ध जातो. आमच्या वाडीतल्या एका बागेतला तरुण राखणदार हिरड्यांतून रक्त येत असलेल्या अवस्थेत शेवटच्या रुग्णालयात पोहोचला, तेव्हा मी या कामाला लागले.

सुरुवात माहिती अधिकाराच्या अर्जाने केली. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मी दोनच गोष्टी मागितल्या: सर्पदंशाच्या रुग्णांची नोंद आणि प्रतिविषाच्या कुप्यांचा साठा नोंदवहीतला हिशेब. कायद्याने 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि ते मुदतीत आले. कुप्या येत होत्या, कपाटात राहत होत्या आणि मुदत संपली की निर्लेखित (हिशेबातून बाद) होत होत्या. जवळपास सगळ्या रुग्णांच्या नावापुढे ‘पुढे पाठवले’ असा शेरा होता.

हा कागद घेऊन भांडायला जाणे सोपे होते, पण मी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी निवांत बोलायचे ठरवले आणि त्याचाच पुढे सर्वांत अधिक उपयोग झाला. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले की प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते, त्यामुळे काही रुग्णांना तीव्र रिअॅक्शन येते आणि श्वास घुसमटतो. अशा वेळी अॅड्रेनालिनचे इंजेक्शन मिनिटभरात हाताशी हवे. रात्री मात्र ते औषध भांडाराच्या कुलपात असे आणि ड्यूटीवर त्यांच्याबरोबर एकच परिचारिका असे. हाताने श्वास देण्याची अंबू बॅग फाटलेली होती. शिवाय उपचार चालू असताना रुग्ण दगावला तर नातेवाइकांचा जमाव अंगावर येतो, पुढे पाठवल्यावर वाटेत दगावला तर कोणी काही विचारत नाही. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात 2010 पासून कायदा आहे, पण रात्री दोन वाजता जमावासमोर उभ्या असलेल्या एकट्या माणसाला कायद्याने धीर येत नाही, हे मला पटले. प्रश्न औषधाच्या पुरवठ्याचा नव्हता, ते देणाऱ्याला सोबत नसण्याचा होता.

म्हणून 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडताना त्याचे दोन भाग केले. पहिल्यात सर्पदंशाचा पहिला डोस केंद्रातच मिळावा ही मागणी होती. दुसऱ्यात गावाने लिहून दिले की उपचारादरम्यान रिअॅक्शन आल्यास ग्रामस्थ कर्मचाऱ्यांना सहकार्य करतील, आणि रात्री-अपरात्री सरपंचांसह गावातली ठरलेली माणसे केंद्रावर येऊन थांबतील. यावर बरीच चर्चा झाली. ‘आपण डॉक्टरला माफीपत्र का द्यायचे?’ असा आक्षेप आला, पण हलगर्जीची तक्रार करण्याचा हक्क अबाधित आहे हे स्पष्ट केल्यावर ठराव मंजूर झाला. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत नवी अंबू बॅग आणि काचेच्या चाचणी नळ्या घेण्याचे ठरले. अॅड्रेनालिनसाठी प्रसूतिकक्षात वेगळा, कुलूप नसलेला ट्रे ठेवला गेला.

प्रशिक्षणाला सर्वांत जास्त वेळ गेला. तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत आम्ही केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय सर्पदंश कृती आराखड्याचा आधार घेतला. सर्पदंशाने होणारे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. पत्राला सरकारी आराखड्याचा संदर्भ असला की फाईल हलते, असा माझा अनुभव आहे. अखेर डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्य सेविका यांचे प्रशिक्षण झाले.

दरम्यान आशाताईंबरोबर आम्ही वाडी-वाडीत बैठका घेतल्या. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. अंगठी, बांगड्या काढाव्यात, हात-पाय हलू न देता माणसाला धीर द्यावा, दंशाची वेळ लक्षात ठेवावी आणि साप मारण्यात वेळ न दवडता थेट केंद्र गाठावे, एवढेच आम्ही सांगत होतो. गावात सर्पदंशावर झाडपाला देणारे एक वयोवृद्ध आबा आहेत. त्यांना टाळून हे काम झाले नसते, म्हणून आम्ही त्यांच्याकडे आधी गेलो. ते म्हणाले, “आधी दवाखान्यात न्या, माझो पालो मगे बघूया.” त्यांच्या या एका वाक्याने आमच्या भित्तिपत्रकांपेक्षा अधिक काम केले.

भातकापणीच्या सुमारास पहिली रुग्ण आली, ती गवत कापताना पायाला दंश झालेली एक शाळकरी मुलगी होती. मी केंद्रावर होते. परिचारिकेने नव्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतले आणि नळी टेबलावर उभी करून घड्याळ पाहिले. काचेच्या स्पर्शाने रक्त गोठू लागते, म्हणून प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी चालत नाही, आणि 20 मिनिटे तिला हातही लावायचा नसतो. वेळ झाल्यावर तिने नळी तिरकी केली, तेव्हा रक्त पाण्यासारखे काठापर्यंत वाहत आले, म्हणजे विषामुळे ते गोठलेच नव्हते. डॉक्टरांनी 10 कुप्या सलाइनमध्ये मिसळून सुरू केल्या. मुलीच्या वडिलांना एवढी मात्रा पाहून भीती वाटली. साप लहान मुलाला कमी विष टोचत नाही, म्हणून मात्रा मोठ्या माणसाइतकीच असते, हे डॉक्टरांनी त्यांना समजावले. थोड्या वेळाने तिच्या अंगावर पित्त उठले आणि थंडी वाजू लागली. ट्रेमधले अॅड्रेनालिन लगेच मांडीत दिले गेले, सलाइन थांबवून पुन्हा हळू सुरू केले, आणि त्यानंतरच रुग्णवाहिका तिला घेऊन पुढे निघाली. गोठणारे घटक यकृतात पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पुढची चाचणी सहा तासांनी जिल्हा रुग्णालयात झाली. तेव्हा रक्त गोठले.

सर्व दंशांवर हे औषध चालते असे मात्र कोणी समजू नये. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी बनते. आमच्याकडच्या चापडा या दुसऱ्या विषारी सापाच्या विषावर ते उपयोगी नाही, त्यामुळे चाचणी आणि लक्षणे न पाहता कुप्या लावण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

ते डॉक्टर आता बदलून गेले आहेत आणि नवे कंत्राटी डॉक्टर रुजू झाले आहेत. उपचाराचा क्रम प्रसूतिकक्षाच्या भिंतीवर मराठीत लावलेला आहे, आणि समितीच्या प्रत्येक बैठकीत पहिला विषय कुप्यांची संख्या व मुदतीची तारीख हाच घेतला जातो. मुदत जवळ आलेल्या कुप्या वेळेत ग्रामीण रुग्णालयाला देऊन नव्या मागवाव्यात असे आम्ही सुचवले आहे. नव्या डॉक्टरांचे प्रशिक्षण आंबा काढणीच्या आधी व्हावे, यासाठीचे पत्र जिल्हा परिषदेकडे गेले असून त्याचा पाठपुरावा चालू आहे.