कपड्यावरचा डाग म्हणजे घाण नव्हे

बांधकामावरच्या मजुराला आठवड्याचा पगार बऱ्याच ठिकाणी बाजाराच्या दिवशी मिळतो. काम सुटतं सहा-साडेसहाला, पैसे हातात पडेपर्यंत सात वाजतात आणि नऊला शटर खाली येतात. घरी जाऊन अंघोळ करून परत यायचं म्हटलं तर खरेदीच राहून जाते. म्हणजे ज्या दिवशी खिशात पैसे असतात, नेमके त्याच दिवशी अंगावर मळके कपडे. कापडाच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने एवढं लक्षात ठेवलं, तरी गिऱ्हाईक दारात असतानाच तो "बजेट किती?" असं विचारणार नाही.

दुसरी गोष्ट, डाग ओळखता यायला हवा. वेल्डरचा शर्ट जवळून बघा. छातीवर आणि बाह्यांवर मोहरीएवढी भोकं, कडा तपकिरी. हे फाटकेपण गरिबीचं नाही. ठिणगी पडली की पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं, सुती कापड नुसतं जळतं. म्हणून जाणता वेल्डर जाड सुती शर्टच घालतो आणि भोकं पडली तरी कामाला तोच वापरतो. रावेर-यावलकडे केळीचे घड उतरवणाऱ्यांचे कपडेही असेच. चीक पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, हवा लागली की तपकिरी-काळा होतो, आणि मग कितीही घासा, जात नाही. तो शर्ट सकाळीच धुतलेला असू शकतो! पेंटरच्या पँटवरचे ऑइलपेंटचे जुने थेंबही कडक वाळलेले असतात. यातलं काहीही दुकानातल्या एका साडीलाही लागणार नाही.

लागतं ते ग्रीस, काळं ऑइल आणि ओला रंग. ग्रीस वाळत नाही, चार दिवसांनीही पांढऱ्या कापडावर उमटतं. इथे दुकानदाराची काळजी रास्त आहे, आणि कामगारानेही ती घ्यावी. ग्रीस सगळ्यात जास्त असतं पँटच्या मांड्यांवर, कारण हात तिथेच पुसले जातात. मागच्या खिशात एक फडकं ठेवलं तर अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. पिशवीत एक सैल शर्ट आणि चपला असल्या की वरून शर्ट चढवायचा, कामाचे बूट बाहेर काढायचे. सिमेंट, पुट्टी, पीओपीची पूड मात्र कोरडीच झटकायची, रस्त्याच्या कडेला. पाण्याचा हात फिरवला की ती कापडात धरते.

हातांचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माल हातांनीच बघितला जातो. आधी पाणी लावू नका. कोरड्या हातांवर चमचाभर खोबरेल घ्या, मिनिटभर चोळा, नखांच्या कडांना जास्त. मग अर्धा चमचा साखर टाकून पुन्हा चोळा, सगळं फडक्याने पुसून काढा आणि शेवटी साबण. तेलात ग्रीस सुटतं, साखर खरवडून काढते. पेट्रोल किंवा थिनरने हात लगेच स्वच्छ दिसतात, पण कातडीचं स्वतःचं तेल निघून जातं, भेगा पडतात आणि दुसऱ्या दिवशी काळं त्या भेगांत बसतं. असे हात मग काही केल्या स्वच्छ दिसत नाहीत.

एवढं करूनही कुणी अडवलं तर? संविधानाच्या कलम १५(२) नुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही दुकानात येण्यापासून रोखता येत नाही. त्या यादीत कपडे नाहीत, ही उणीव मला फार खुपते. पण कपड्यांच्या आडून अस्पृश्यता पाळली जात असेल, तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा लागू होतो. सफाई कामगारांच्या बाबतीत हे आवर्जून तपासावं. जुलै २०२४ मध्ये बंगळुरूत धोतर नेसलेल्या वृद्ध शेतकऱ्याला एका मॉलमध्ये प्रवेश नाकारला, तेव्हा कर्नाटक सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. बोभाटा झाला म्हणूनच हे घडलं. दारावरच्या वॉचमनशी वाद घालू नका, तो वरून आलेला हुकूम पाळत असतो. मॅनेजरला बोलवा, "हा नियम कुठे लिहिलाय, दाखवा" असं शांतपणे विचारा आणि तारीख-वेळ टिपून ठेवा.

दुकानदारांना करता येण्यासारखं बरंच आहे आणि खर्च जवळजवळ नाही. दाराशी पाण्याचा नळ, साबण आणि एक पंचा ठेवा. "हात धुवून घेता का, मग निवांत बघू" हे सगळ्यांनाच म्हणा, म्हणजे एकट्याला टोचत नाही. साडी तर तुमचा माणूसच उलगडून दाखवतो. शर्ट घालून बघायची अडचण असेल तर टेप काढा: काखेखालून छातीचा घेर ४० इंच आला तर ४० नंबरचा शर्ट द्या, खांदा एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजा. आणि पहिला शर्ट सगळ्यात स्वस्तातला काढू नका. त्याला कोणता हवाय, ते आधी विचारा.