खेळच आहे ना, मग कायदे कशाला?

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायची, असा खेळ मी चालवते; त्यातलं जग आणि त्याचे कायदे मीच लिहिते. नवा ग्रुप जमला की कोणीतरी विचारतंच: खेळच आहे ना, मग त्यात वारसाहक्क, दंड, लग्नाच्या अटी, वाळीत टाकणं हे सगळं कशाला? राक्षस मारायचा, खजिना घ्यायचा, झालं. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो आणि तो मला जास्त लागतो. स्वतःचंच जग बनवतेयस तर चांगलं तरी बनव, त्यात वाईट प्रथा कशाला घालतेस?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

पहिल्याचं उत्तर मला पक्कं ठाऊक आहे. राक्षस मारताना काही ठरवावं लागत नाही. फासा टाकला, आकडा आला, मेला. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असाच खेळ १९७४ साली आला तेव्हापासून आपलं कॅरॅक्टर, म्हणजे आपण खेळतो ते पात्र, कायद्याच्या बाजूचं की गोंधळाच्या, हे त्याच्या माहितीच्या शीटवर लिहायची पद्धत आहे. पण कायदा कुठला? माझ्या टेबलावर कोणी म्हणालं की माझा योद्धा लॉफुल, म्हणजे कायद्याच्या बाजूचा आहे, तर मी विचारते, कुठल्या गावचा? माझ्या जगात बंदरातल्या कायद्याने चोर पकडून देणं बंधनकारक आहे. डोंगरातल्या कायद्याने दाराशी आलेल्या माणसाला तीन रात्री कोणी हात लावायचा नाही. चोर डोंगरातल्या घरात जेवायला बसलाय. आता बोल.

डोंगरातला कायदा लिहिलेला नाही, एक म्हातारी तो पाठ म्हणते. ही कल्पना आइसलंडची. तिथे ९३० च्या सुमारास सभा भरू लागली, आणि कायदा सांगणारा माणूस दर उन्हाळ्यात एक तृतीयांश कायदा तोंडी म्हणून दाखवायचा. तो लिहून काढायला बारावं शतक उजाडलं. बंदरातला खोल्यांचा कायदा मात्र मी आपल्या मुंबईतून उचललाय. पागडीच्या खोलीतला भाडेकरू वारला की भाडेहक्क मरतेवेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे जातो, आणि सोबत कोण राहत होतं यावरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात. माझ्या बंदरात ज्याचं अंथरूण त्या रात्री त्या छपराखाली, खोली त्याची. एका रविवारी खेळात एक म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता, नातेवाईक वळकट्या घेऊन जिना चढत होते आणि आमचे खेळाडू दारावर राखणीला होते. कोणाला आत सोडायचं? संध्याकाळभर एकाने तलवार उपसली नाही. घरी जाताना मात्र दादर स्टेशनच्या पुलावरही वाद चालूच होता. कायदे का, तर यासाठी.

दुसऱ्या प्रश्नाचं असं होत नाही.

कॉलेजात असताना मी जे राज्य लिहिलं होतं त्यात जात नव्हती, हुंडा नव्हता, मुलीला मुलाइतकाच वाटा होता. ते लिहिणारी तेव्हाची मी, ती मुलगी आजही माझ्याशी भांडते. म्हणते, बाहेर आहेच की सगळं, निदान चार तास तरी त्यातून सुटका नको का? मी म्हणते, तुझ्या राज्यात कोणाला काही करावंच लागत नव्हतं, तिसऱ्या सेशनला लोक यायचे थांबले. ती म्हणते, म्हणजे लोक यावेत म्हणून तू दुसऱ्यांचं दुःख मांडतेस. यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. वाईट उत्तरं आहेत, तीच मी देते.

हा प्रश्न मला इतका लागतो तो एका सेशनमुळे. खाडीकाठची एक वस्ती मी लिहिली होती. तिथे पंचांचा ठराव मोडणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. एका खेळाडूच्या नावाडीणीने ठराव मोडला. मी शिक्षा जाहीर केली आणि बाकीच्यांना सांगितलं, या क्षणापासून तुमची कॅरॅक्टर्स तिच्याशी बोलत नाहीत. सगळे गप्प झाले. मला वाटलं, जमलं.

पनवेलहून येणारा एक मुलगा होता, मूळचा रायगडातला. फासा बोटांत फिरवत तो म्हणाला, "ताई, असं नसतं. बोलतात."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"रात्री बोलतात. मागच्या दाराने येऊन साखर देऊन जातात. तीच बाई सकाळी नळावर आईकडे पाठ करून उभी राहते. सगळेच गप्प असते तर सवय झाली असती."

मग त्याने थोडक्यात सांगितलं. जमिनीच्या वादात वडील पंचांच्या विरुद्ध गेले होते. परत घ्यायचं तर दंड भरा म्हणाले. आजी गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं शेजारच्या गावातून आणावी लागली. मी वही मिटली. तो म्हणाला, "थांबवू नका. रात्री येणारी शेजारीण मी खेळतो." आणि तो खेळला. नावाडीणीच्या दाराशी बसून त्याने कुजबुजत साखरेचा भाव सांगितला, पोरांची चौकशी केली, आणि उठताना म्हणाला, "उद्या माझ्याकडे बघू नकोस." त्याच्याइतकं चांगलं आमच्या टेबलावर कोणी खेळलेलं नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही. मेसेज केला तर उत्तर आलं, "राग नाही ताई. पण नको."

मी आधी विचारलं नव्हतं असं कृपा करून म्हणू नका. सुरुवातीलाच सगळ्यांना विचारलं होतं की कुठला विषय नको. तो काही बोलला नव्हता. पण टेबलभर लोकांसमोर, आम्हाला वाळीत टाकलं होतं, असं कोण सांगेल?

आणि माझा अभ्यास नव्हता असंही नाही. १९४९ चा मुंबईचा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरवला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये नवा केला, तो २०१७ ला लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. हे मला तोंडपाठ होतं. साखर घेऊन येणारी बाई माहीत नव्हती.

तिला माझ्या वहीत ठेवू का, हे मी त्याला विचारलं. त्याने "ठेवा" एवढंच लिहिलं. आता त्या कलमाखाली एक ओळ आहे: अंधार पडल्यावर आपण बोलतो की नाही, हे प्रत्येक खेळाडूने चिठ्ठीवर लिहून फक्त माझ्याकडे द्यायचं. प्रथा काढून टाक म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, मग या बाईचं काय करू? आणि ठेव म्हणणाऱ्यांना विचारते, पुढच्या वेळी समोर कोण बसलेलं असेल ते तुम्ही मला आधी सांगाल का? सध्या ते कलम वहीत आहे, आणि विषयांचं मी आता सगळ्यांसमोर विचारत नाही, एकेकाला फोन करते.