उसाच्या मुळातली गर्दी

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला वर्षानुवर्षं कांदाच वापरतात. कांद्याच्या पेशीत गुणसूत्रं अवघी १६, तीही मोठी आणि ठसठशीत. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्यालाही मोजता येतात. पण मी साताऱ्यात शिकवते. वर्गातली कितीतरी मुलं कोरेगाव, कराड, फलटणकडची. त्यांच्या घरचं वर्ष उसाच्या बिलावर चालतं, आणि तीच मुलं उसाचं एक गुणसूत्र न पाहता पदवी घेऊन जातात. हे मला फार खटकायचं. म्हणून शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, आमच्या रानातला ऊस बघूया का?" तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

तिच्या वडिलांनी ८६०३२ या वाणाची टिपरी पोत्यात बांधून पाठवली. ओल्या वाळूत ठेवल्यावर डोळ्याजवळच्या कड्यातून पांढऱ्या मुळ्या फुटल्या. सकाळी टोकं कापून पॅराडायक्लोरोबेंझीनच्या द्रावणात ठेवली, म्हणजे पेशी विभागणीच्या मधेच अडकते आणि गुणसूत्रं सुटी होतात. मग अल्कोहोल-ॲसिटिक ॲसिड, मग रंग, मग काचेवर अंगठ्याचा दाब. उसात हा दाबच अवघड. कमी पडला तर नुसता ढीग दिसतो, जास्त झाला तर पेशी फुटते.

त्या दिवशी वडील गावात कामाला आले होते, तेही प्रयोगशाळेत येऊन बसले. ती मोजत होती. पुन्हा मोजलं, आकडा वेगळाच आला. "मॅडम, स्लाइड बिघडली." मी पाहिलं, तर पेशी सुंदर पसरली होती. बारीक बारीक, शंभराच्या वर गुणसूत्रं, काही एकमेकांवर आलेली. स्लाइडमध्ये काही चुकलं नव्हतं. ऊसच असा आहे.

फळ्यावर मी तिला १९१२ सालचा कोईमतूरचा संकर मांडून दाखवला. बार्बर आणि वेंकटरमण या ऊस-संशोधकांनी जाड, गोड उसाचा संकर नदीकाठच्या रानटी जातीशी केला. पांढऱ्या तुऱ्यांचं ते काटक गवत, सॅकरम स्पॉन्टेनियम. गोड उसात गुणसूत्रं ८०, कोईमतूरच्या त्या गवतात ६४. नेहमीच्या हिशेबानं दोघांकडून निम्मी, म्हणजे ४० आणि ३२, पोरात ७२ यायला हवीत. पण त्या संकरातून आलेल्या को २०५ या वाणात निघाली ११२! आईनं आपली ८० च्या ८० देऊन टाकली होती. हा हिशेब सांगताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. आजचे आपले बहुतेक ऊस अशाच संकरांच्या वंशातले.

वडील इतका वेळ गप्प होते. मी त्यांना म्हटलं, "काका, बघा ना तुम्हीपण." त्यांनी टोपी काढून ठेवली आणि बराच वेळ पाहिलं.

"ही सगळी एकाच पेशीतली? आमच्या उसातली?"

"एकाच पेशीतली. आणि ८६०३२ची आई को ६२१९८, बाप ६७१."

"६७१?" ते एकदम सरळ बसले. "आमचे आबा ६७१ लावायचे. काय साखर होती त्याला! तो ह्याचा बाप?"

ते लेकीकडे वळून सांगायला लागले: कुठल्या तुकड्यात ६७१ होता, त्याआधी ७४० होता, तो कसा पडायचा. ती वहीत लिहून घेत होती. तिच्या घराचा इतिहास आणि उसाची वंशावळ एकाच पानावर उतरत होती, आणि मला मधे बोलावंसं वाटेना.

मग त्यांनी नेमकं विचारलं, "मॅडम, तुरा येतो त्याचं बी पेरलं, तर हाच ऊस येईल का?" नाही येणार. प्रत्येक बी वेगळं, कारण इतक्या गुणसूत्रांची वाटणी दर वेळी वेगळी होते. टिपरी लावतो म्हणूनच वाण जसाच्या तसा राहतो. आणि म्हणूनच नवा वाण काढणाऱ्यांना हजारो रोपांतून निवड करत दहा-बारा वर्षं घालवावी लागतात. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात हेच काम करतंय.

माणसाचा जनुकसंच टोकापासून टोकापर्यंत वाचून झाला २०२२ मध्ये. आर५७० या संकरित उसाचा सविस्तर आराखडा २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. उसात एकेका जनुकाच्या अनेक प्रती, थोड्याथोड्या फरकाच्या. कुठला तुकडा कुठल्या गुणसूत्रावरचा हे लावणंच कठीण. जनुक-संपादनही त्यामुळेच अवघड: एक प्रत बदलली तरी बाकीच्या काम करतच राहतात. पण त्या आराखड्यामुळे तांबेरा रोगाला तोंड देणाऱ्या जनुकांपर्यंत पोचता आलं, आणि तांबेरा आपल्याकडेही पडतो. दहा-बारा वर्षांतली दोन-चार जरी वाचली, तरी ती कोरेगावच्या रानात मोजली जातील.

निघताना मुलीनं विचारलं, "आमच्या ओढ्याच्या त्या गवतात किती असतील?" स्पॉन्टेनियममध्ये ४० पासून १२८ पर्यंत कितीही सापडतात, तेव्हा तिच्या ओढ्याचा आकडा मला बसल्या जागी सांगता येईना. वडील म्हणाले, "उद्याच उपटून आणतो." मी मुळासकट आणायला सांगितलंय, मातीचा गड्डा तसाच ठेवून.