वीस वर्षांची गाडी, नव्या गाड्यांच्या दालनातून

गेल्या ऑक्टोबरात मी येथे इंग्लंडमध्ये वीस वर्षांची एक स्पोर्ट्स कार एका अधिकृत डीलरकडून विकत घेतली आणि ओळखीतल्या बहुतेकांनी मला वेड्यात काढले. काहींचे म्हणणे असे, की पन्नाशी उलटलेल्या बाईने दोनच माणसे बसतील अशी, छत उघडणारी गाडी घेऊन करायचे काय? त्यांना उत्तर देण्याच्या भानगडीत मी पडले नाही. दुसरा आक्षेप मात्र हिशेबाचा होता आणि रास्त होता. एवढ्याच वयाची आणि एवढीच चाललेली गाडी खासगी मालकाकडून साधारण दोन हजार पौंड कमी देऊन मिळत असताना डीलरच्या काचेच्या दालनाचे भाडे आपल्या खिशातून का भरायचे? त्या दोन हजार पौंडांत मला नेमके काय मिळाले, ते येथे लिहून ठेवते.

गाडी होंडा एस 2000. मे 2005 मध्ये इंग्लंडमध्येच नोंदलेली, सिल्व्हरस्टोन नावाच्या चंदेरी रंगाची, 41 हजार मैल चाललेली. भारतात हे मॉडेल कधी विकले गेले नाही, आणि वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, त्यामुळे पुण्यामुंबईकडच्या वाचकांनी ती रस्त्यावर पाहिली असण्याचा संभव कमीच. होंडाच्या पन्नाशीच्या निमित्ताने 1999 मध्ये ती बाजारात आली. त्याआधी होंडाचीच एनएसएक्स ही स्पोर्ट्स कार घडवणारे शिगेरू उएहारा हेच हिचेही मुख्य अभियंते. इंजिन अवघे 1997 सीसीचे, टर्बो नाही, तरी ते 240 अश्वशक्ती देते आणि मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढते, जो आकडा एरवी मोटरसायकलला शोभावा. इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, म्हणजे कॅमशाफ्टवर, दोन प्रकारचे उंचवटे असतात; साधारण सहा हजार फेऱ्यांपर्यंत सौम्य उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात आणि त्यापुढे तेलाच्या दाबाने एक खिटी सरकली, की मोठा उंचवटा कामाला लागतो. तोपर्यंत घरगुती गाडीसारखी शांत चालणारी ही गाडी त्या क्षणी आवाजच बदलते. 2009 मध्ये उत्पादन थांबले तोवर सुमारे 1 लाख 10 हजार गाड्या तयार झाल्या होत्या.

एवढी जुनी गाडी अधिकृत डीलरकडे, म्हणजे ज्याला येथे मेन डीलर म्हणतात त्याच्याकडे, विक्रीला असणे हाच मुळात अपवाद. नवी गाडी घेताना गिऱ्हाईक जुनी देऊन जाते, पण ती फार जुनी असेल तर डीलर ती दालनात ठेवत नाही. ती लिलावात जाते आणि तेथून छोट्या व्यापाऱ्यांकडे. स्वतःच्या नावाने विकली की जबाबदारी आली, आणि वीस वर्षांच्या यंत्राची हमी देण्याची हौस कोणाला असते? ही गाडी राहिली, कारण तिच्या पहिल्या आणि एकमेव मालकांनी ती 2005 मध्ये याच दालनातून नवी घेतली होती, दर वर्षी येथेच सर्व्हिसिंग केले होते आणि गुडघ्यांनी क्लच दाबवेना तेव्हा येथेच ती देऊन ऑटोमॅटिक जॅझ घेतली होती. आपल्याकडच्या जाहिरातींत 'एकहाती, डॉक्टरांनी वापरलेली' असे छापलेले असते आणि त्यावर कोणी शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही. येथे ते शब्दशः खरे निघाले, फक्त डॉक्टरांच्या जागी निवृत्त भूमापक होते.

गाडी पाहायला जाण्याआधी मी तिचा एमओटीचा इतिहास काढला. ब्रिटनमध्ये तीन वर्षांपुढच्या गाडीची दर वर्षी तपासणी होते, आणि तिचे निकाल, त्या दिवशीच्या मैलांसकट, सरकारी संकेतस्थळावर नंबरप्लेट टाकली की कोणालाही फुकट दिसतात. या सोयीबद्दल मला या देशाचे खरोखर कौतुक वाटते. 2008 पासूनच्या सगळ्या नोंदी मी कागदावर उतरवल्या. मैल दर वर्षी दोन-अडीच हजारांनी वाढत गेले होते, पण 2020 नंतरची दोन वर्षे मिळून गाडी जेमतेम तीनशे मैल हलली होती. लोकांना कमी चाललेल्या गाडीचे फार आकर्षण. मला ती तीनशेची नोंद काळजीची वाटली. उभी गाडी टायर सुकवते, ब्रेकच्या डिस्क गंजवते आणि तेलाचे सील आखडवते.

1984 साली ठाण्यात बाबांनी वापरलेली प्रीमियर पद्मिनी घेतली, तेव्हा ते आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना बरोबर घेऊन गेले होते आणि हट्ट करून मीही त्यांच्याबरोबर गेले होते. मिस्त्रींनी डिपस्टिकवरचे तेल दोन बोटांत चोळून हुंगले, बॉनेटवर तळहात ठेवला आणि मालकाला म्हणाले, "आम्ही संध्याकाळी परत येतो. ही आत्ताच कुठून तरी फिरून आलीय." गरम इंजिन आपले दुखणे सांगत नाही, हे त्यांनी बाबांना बाहेर आल्यावर समजावले. तेव्हापासून आमच्या घरात थंड इंजिन ऐकल्याशिवाय गाडी घेतली जात नाही.

म्हणून सॉमरसेटमधल्या त्या डीलरला मी आदल्या दिवशी फोन करून बजावले, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. आम्ही राहतो त्या रेडिंगहून दोन तास गाडी हाकत आम्ही दोघे पोहोचलो, मी बॉनेटवर हात ठेवला, तर ते कोमट. धुवायला नेली होती म्हणे. खोटे बोलत होते असे मला वाटत नाही, विसरलेच असतील. पण मी मिस्त्रींचे वाक्य इंग्रजीत म्हणून दाखवले आणि पुढच्या शनिवारी परत आले. नवरा परतीच्या वाटेवर म्हणाला, "अगं, चार तासांचं पेट्रोल जाळून तू एका बॉनेटला हात लावून आलीस." खरे होते.

पुढच्या शनिवारी इंजिन थंडगार होते. विक्रेता साधारण गाडीच्याच वयाचा, अतिशय विनयशील मुलगा. तो अश्वशक्ती, वेग वगैरे सगळे माझ्या नवऱ्याला सांगत राहिला, ज्याला गाडीतले रेडिओपलीकडे काही कळत नाही. गाडीची माहिती त्याने जाहिरातीतून वाचलेली होती आणि मी विचारलेल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. यात त्याचा दोष नाही, तो दिवसभर हायब्रिड गाड्या विकतो. मी त्याला सरळ विचारले, की ही गाडी आजवर मागच्या वर्कशॉपमध्ये कोणी सांभाळली? त्याने आत जाऊन निळ्या डगल्यातल्या एका साठीच्या गृहस्थांना बोलावून आणले, आणि माझ्या दृष्टीने खरेदी तेथे सुरू झाली.

मी पहिला प्रश्न मागच्या कॅम्बर बोल्टचा विचारला. मागच्या चाकांचा कल ठरवणारे हे लांब बोल्ट रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीतून जातात. या देशात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात; ते खारट पाणी आत शिरते आणि काही वर्षांत बोल्ट व नळी गंजून एकजीव होतात. मग अलाइनमेंट करायची म्हटली तर बोल्ट हलतच नाही, तो कापून काढून त्याबरोबर सस्पेंशनचे आर्मही बदलावे लागतात, आणि खर्च सहज चार आकड्यांत जातो. बाहेरून चकाकणारी गाडीही येथे दगा देते. मेकॅनिक काही बोलले नाहीत. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, लांब दांड्याचा पाना लावला आणि डाव्या बाजूचा बोल्ट पाव फेरा सैल करून पुन्हा त्याच खुणेवर आणून घट्ट केला. ना कुरकुर, ना गंजाची भुकटी. नळीच्या तोंडाशी तांबूस ग्रीसची बारीक कडी तेवढी दिसली. "दर दुसऱ्या वर्षी सोडवून ग्रीस लावतो," ते म्हणाले. "बिलात कधी लिहिलं नाही. पाच मिनिटांचं तर काम."

माझ्या हातातल्या सर्व्हिस बुकात वीस शिक्के होते आणि सोबतच्या जाड फाइलमध्ये भूमापकांनी जपलेली सगळी बिले होती, पण या पाच मिनिटांची नोंद त्यांत कोठेही नव्हती. कापडी छत जिथे दुमडते तिथे सांगाड्याच्या कोपऱ्यावर घासून फाटते, म्हणून आतून फेल्टचा तुकडा चिकटवला होता, तेही त्यांनीच दाखवले, आणि तेही कागदावर नव्हते. हीच गाडी लिलावातून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेली असती, तर बोल्ट तेच राहिले असते, पण ते सुटतात हे सांगणारा माणूस मागे सॉमरसेटमध्ये राहिला असता.

त्यांनी गाडीविरुद्धही एक गोष्ट सांगितली, आणि विक्रेत्या मुलाचा चेहरा पडला. टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग, या इंजिनात वयाप्रमाणे थकतो. मग थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खडखड येते. मागच्या हिवाळ्यात त्यांना एकदा तसा आवाज आल्यासारखे वाटले होते, नंतर आला नाही. मी त्या दिवशी तीनदा ऐकले, आला नाही.

येथे थोडा कायदा सांगणे भाग आहे. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालात दोष निघाला तर 30 दिवसांच्या आत तो परत करता येतो, आणि सहा महिन्यांच्या आत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे धरून दुरुस्तीची जबाबदारी व्यापाऱ्यावर येते. खासगी मालकाला यातले जवळजवळ काहीच लागू नाही. त्याने वर्णन खोटे केले नाही म्हणजे झाले. पण व्यापाऱ्याने एखादा दोष विकण्याआधी तुमच्या नजरेस आणून दिला असेल, तर त्याबद्दल पुढे तक्रार करता येत नाही. म्हणजे त्या सज्जन मेकॅनिकच्या प्रामाणिकपणामुळे माझा एक हक्क निसटण्याची शक्यता होती. म्हणून ऑर्डरच्या कागदावर मॅनेजरकडून हाताने एक ओळ लिहून घेतली, की सहा महिन्यांत टेन्शनरचा आवाज आल्यास तो भाग मजुरीसकट विनामूल्य बदलून मिळेल.

किमतीत घासाघीस फार चालली नाही. टायर मात्र माझ्या कामी आले. चारही टायर एकाच कंपनीचे, नक्षी भरपूर खोल, विक्रेता त्यावर खूश. टायरच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. मागच्या टायरांवर 3714 होते. म्हणजे रबर 2014 च्या सप्टेंबरातले. असे कडक झालेले टायर आणि मागच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी, त्यात इंग्लंडचा ओला ऑक्टोबर. मी पैसे कमी करायला सांगितले नाही, चार नवे टायर मागितले, आणि ते मिळाले. त्याबरोबर चारही चाकांच्या अलाइनमेंटचा छापील तक्ताही मागून घेतला. रंगावर संरक्षक थर चढवण्याची चारशे पौंडांची योजना तीनदा नाकारावी लागली.

विसार म्हणून पाचशे पौंड मी क्रेडिट कार्डाने भरले, बाकीचे बँकेतून पाठवले. 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचे 75 वे कलम असे आहे, की वस्तूची किंमत शंभर पौंडांहून जास्त आणि तीस हजारांपर्यंत असेल आणि त्यातला थोडा भाग जरी क्रेडिट कार्डाने दिला असेल, तरी पूर्ण व्यवहाराला कार्ड देणारी संस्था डीलरइतकीच बांधील राहते. डीलर बुडाला तरी कोणीतरी उरते. रस्ता करातही नशीब होते : 23 मार्च 2006 च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना कराच्या वरच्या, महागड्या पट्ट्यांतून सूट आहे, त्यामुळे वर्षभराने नोंदलेल्या याच गाडीपेक्षा मला कितीतरी कमी कर बसतो.

तिसऱ्या आठवड्यात, पहिल्या गोठणाऱ्या सकाळी, अंगणात लाल बटण दाबले आणि टिनच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज दोन सेकंद आला. मी फोन केला. मॅनेजर आधी म्हणाला, की वीस वर्षांच्या गाडीत ही साधी झीज आहे आणि झीज हमीत बसत नाही. मी त्याच्याच हस्ताक्षराचा फोटो पाठवला. भाग यायला सोळा दिवस लागले, गाडी त्यांनीच येऊन नेली, पैसे मागितले नाहीत.

गाडी घ्यायला मी मुद्दाम स्वतः गेले. जुना टेन्शनर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. बोटाने दाबला तर तो मुकाट आत जात होता, नवा अंगठ्याचा जोर लावूनही हलत नव्हता. बोलता बोलता मेकॅनिक म्हणाले, की येत्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार आहेत आणि त्यांच्यानंतर या गाडीला हात लावलेले वर्कशॉपमध्ये कोणी उरणार नाही. मी दालनातल्या मुलाकडून कोरी वही मागून घेतली आणि आम्ही दोघे लिफ्टखाली उभे राहिलो. त्यांनी पुढून मागे एकेक गोष्ट सांगितली, मी मराठीत लिहीत गेले. सव्वा तास लागला, सोळा पाने झाली. मागच्या बोल्टांचे पान मी सर्वांत आधी भरले आहे. पुढचे ग्रीस पुढच्या सप्टेंबरात.